लिओकादियामावशीची जादा प्रार्थना

न्यू मेक्सिकोतल्या आमच्या पठारावर कुणी वारलं की लिओकादियामावशीला बोलावणं जायचं. मयताच्या घरी नऊ संध्याकाळी मरियेची जपमाळ चालते. मावशी पुढे म्हणायची, आम्ही मागून. तिचा आवाज कोरडा होता, पण दुःखातल्या माणसाला त्यावर टेकता यायचं.

पहाटे ती देवळात एकटीच बसायची, काहीही न मागता. यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात एकदा तिला वाटलं, शेजारी आणखी कुणीतरी प्रार्थनेला बसलंय. मेलेलं माणूस नव्हे, देवदूतही नव्हे. ते पृथ्वीवरचं नाही, एवढं तिला कळलं; कसं कळलं ते सांगता येईना. पठारावर आकाशाचा कानोसा घेणाऱ्या मोठ्या पांढऱ्या रेडिओ-दुर्बिणी आहेत; मावशीला त्यांचं वेड लागलं, असं गाव म्हणालं. मावशीने त्यांच्याकडे कधी धड पाहिलंही नव्हतं.

तिने फादर बेनिग्नोंना विचारलं : पृथ्वीबाहेरच्यांनीही पाप केलं असेल, तर येशू त्यांच्यासाठीही मेला का? की त्यांच्याकडे वेगळा गेला? फादर चष्मा पुसत राहिले. पाप केलंच नसेल तर त्यांना तारणाची गरज नाही, म्हणाले. केलं असेल, तर आपला एक क्रूस साऱ्या सृष्टीला पुरेसा असावा. मग म्हणाले, चर्चने याबद्दल काही ठरवलेलं नाही, आणि मावशीने नीट जेवत जावं.

त्यानंतर त्रांकिलिनो वारला. पहिल्या संध्याकाळी दर दहा मण्यांच्या दहा ‘नमो मरिया’ झाल्यावर मावशीने आणखी एक जादा म्हटली. आमची जीभ सवयीने त्यानंतरच्या ‘पित्याला गौरव’ या प्रार्थनेकडे वळलेली, आणि ही पुन्हा मरियेकडे. अर्धे तिच्यामागे गेले, अर्धे पुढे निघून गेले. कुणीतरी हसलं. त्रांकिलिनोची बायको देल्फिना हसली नाही.

नंतर स्वयंपाकघरात तिने विचारलं, “ती जादाची कुणासाठी होती?”

“नावं माहीत नाहीत,” मावशी म्हणाली.

“माझ्या माणसाच्या आत्म्याची सुटका व्हायचीये, लिओकादिया. त्याच्या जपात परके कशाला बसवतेस?”

“ते आपल्यासाठी प्रार्थना करतायत गं.”

“आपल्याला ओळखतात तरी का?”

“मी तरी त्यांना कुठे ओळखते?”

देल्फिनाचा भाऊ म्हणाला, उद्या त्यांनाच बोलवा, मक्याचा रस्सा बराच उरलाय. देल्फिनाने त्याला गप्प केलं. उद्यापासून जेवढी आहे तेवढीच जपमाळ म्हणायची, नाहीतर खालच्या गावातून दुसरी बाई आणते, असं तिने मावशीला बजावलं.

मावशीने हातातला वाडगा खाली ठेवला. “मला भासही झाला असेल,” ती म्हणाली. “पण भास नसला आणि मी थांबले, तर त्यांना काय वाटेल?”

दुसऱ्या संध्याकाळी खालच्या गावची बाई पुढे होती. मावशी आली आणि माझ्याशेजारी, मागच्या बाकावर बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आमच्याबरोबर मागून म्हणत होती. ‘पवित्र मरिये, देवाच्या माते’पर्यंत तिचा आवाज सगळ्यांबरोबर होता. ‘आम्हा पाप्यांसाठी’ आलं आणि ती थांबली.

“काय झालं, मावशी?”

“‘आम्हा’ म्हटलं की तेही आले. त्यांना पापी म्हणायचं का, ते कळत नाही,” ती कुजबुजली. “आणि त्यांना ‘आम्हा’तून सोडायचं, तर कुठे सोडायचं?”

पुढे म्हणणाऱ्या बाईने नवा मणी घेतला. देल्फिनाने मागे वळून पाहिलं. तिच्या नवऱ्यासाठी दोन आवाज कमी पडले होते, कारण मीही थांबले होते.