सारखेच आहेत, तर बदलून घ्या

“थांबा, पाहू द्या मले.”

हे तिचं वाक्य. समोर पेशंट कण्हत असो, नातेवाईक घाई करत असोत, नाहीतर आमचे मोठे डॉक्टर दारात चिडून उभे असोत, ती धुतलेली एक्स-रे फिल्म दोन बोटांत कडेनं धरायची, हात खिडकीकडे लांब करायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, “थांबा, पाहू द्या मले.” फिल्मवरचं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळायचं. तिचं पाहून होईस्तोवर सगळं रामदासपेठ थांबलं असतं तरी तिची हरकत नव्हती.

परवा तुम्ही दोघांनी लांब झूमच्या दोन डिजिटल कॅमेऱ्यांची माहिती पाठवलीत आणि विचारलंत, “आजी, दोन्ही सेमच दिसतात, कुठला घ्यायचा?” तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली. कॅमेऱ्यातलं मला फारसं कळत नाही. पण दोन सारख्या दिसणाऱ्या कॅमेऱ्यांतून एक कसा निवडतात आणि निवड चुकली तर काय करायचं असतं, हे मी जवळून पाहिलेलं आहे. तेवढं सांगते.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी नागपुरात, रामदासपेठेतल्या एका खाजगी इस्पितळाच्या ऑफिसात होते. फायली, रजा, ड्यूट्या, सगळं माझ्या हाताखालून जायचं. ती एक्स-रे काढायची. पेशंट तिला ‘एक्स-रे बाई’ म्हणत आणि आम्हीही तेच म्हणायचो. घर सक्करदऱ्याच्या बाजूला. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली त्या कुटुंबांतलं हे एक. ती तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. “मले काही आठवत नाही,” ती सांगायची, “फक्त लोकांची डोकी आठवतात. वरून दिसत होती ना.”

एकदा एक जाडजूड कंत्राटदार हात मोडून आला. तिचं आडनाव विचारून म्हणाला, या बाईकडून फोटो काढून घेणार नाही, डॉक्टरला बोलवा. ती म्हणाली, “डॉक्टर साहेबाले मशीन चालवता येत नाही, भाऊ. अन् मशीनले तुमची जात, माही जात, काही कळत नाही. हात सरळ ठेवा. श्वास रोखा.” त्यानं रोखला. फोटो निघाल्यावरही रोखूनच बसला होता. शेवटी तिलाच सांगावं लागलं, “सोडा आता, नाहीतर दुसरी केस होईल.”

डार्करूम हाताशी असल्यानं तिला साधी फोटोग्राफीही लागली होती. भावाचा डबा कॅमेरा घेऊन रविवारी ती सक्करदऱ्याच्या तलावावर जायची. म्हशी, बगळे, धुणं धुणाऱ्या बाया. कागद स्वतःच्या पैशानं आणायची, हे मी खात्रीनं सांगते, कारण भांडाराची चावी माझ्याकडे होती.

पण तिच्याकडे आपल्या आईचा एकही फोटो नव्हता. म्हणजे आई असलेले फोटो होते. लग्नातले, बारशातले, वस्तीतल्या कार्यक्रमाचे. प्रत्येकात आई शेवटच्या रांगेत, अगदी कडेला, नाकापर्यंत पदर ओढलेली. कॅमेरा जवळ आला की त्या हसऱ्या बाईचा दगड व्हायचा. “माय एरवी दिवसभर हसत राह्यते, मॅडम. कॅमेरा दिसला की जशी पोलीस चौकीत बसली.”

एका सोमवारी तिनं आईलाच इस्पितळात आणलं. दम लागत होता. छातीची फिल्म तिनंच काढली, तिनंच धुतली आणि खिडकीकडे धरली. त्या दिवशी “पाहू द्या मले” म्हणाली नाही. हृदय वाढलेलं आमच्या डॉक्टरांच्या आधी तिला दिसलं होतं.  त्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, “मॅडम, लांबून जवळचं दाखवणारा कॅमेरा कुठं भेटन?”

मला समजलं. आईला कळू न देता तिला आईचा चेहरा हवा होता, आणि तो लवकर हवा होता.

सीताबर्डीवर एका दुकानात असे दोन कॅमेरे आले होते. परदेशातून कोणीतरी आणलेले, एकाच कारखान्याचे, एकाच मापाच्या झूमचे. फरक एवढाच, की एकाच्या नंबराचा शेवट चारनं व्हायचा, दुसऱ्याचा सातनं. दुकानदार म्हणाला, “बहनजी, जुड़वाँ भाई हैं. आँख बंद करके उठा लो.”

“आँख बंद करके ही लेना है तो कैमरा काहे को लेना?” ती म्हणाली.

आमचे मोठे डॉक्टर हौशी फोटोग्राफरांच्या मंडळाचे प्रमुख होते. त्यांच्या कानावर हे गेलं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, “अगं, एकाच साच्यातून निघालेली भिंगं. तुला त्यात काय फरक कळणार? फार तर कोपऱ्यात उन्नीस-बीस असेल. चेहरा मधोमध घ्यायचा. कोपऱ्याकडे कोण बघतं?”

तिनं कप खाली ठेवला. “सर, माही माय जल्मभर कोपऱ्यातच बसली. मले कोपराच पाह्यचा आहे.”

 डॉक्टर हसले आणि म्हणाले, “ठीक आहे. तू घेशील तो घे, उरलेला मी घेतो. आपोआप सिद्ध होईल.”

दुकानदारानं माझ्या सहीवर दोन्ही कॅमेरे एका रविवारच्या सकाळपुरते दिले. मी वही उघडली, रेघा मारल्या, वजन, नंबर, सगळं लिहिलं. तिनं आपली पद्धत काढली. इस्पितळाच्या मागच्या विटांच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान डकवायचं आणि लांबून, झूम पूर्ण ओढून, दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याचेच फोटो घ्यायचे. मधला मजकूर कोणीही वाचून दाखवील. कडेच्या छोट्या जाहिराती ज्याच्या फोटोत वाचता येतील तो कॅमेरा खरा.

मग कुठली फिल्म कुठल्या कॅमेऱ्याची, हे कसं ओळखायचं? त्याला तिच्या धंद्यात उत्तर तयार होतं. एक्स-रे काढताना फिल्मवर शिशाचं एक छोटं इंग्रजी अक्षर ठेवतात. एल म्हणजे डावा, आर म्हणजे उजवा. हाताचा, पायाचा घोटाळा होऊ नये म्हणून. तीच अक्षरं चिकटपट्टीनं वर्तमानपत्राशेजारी लावायची ठरली. दोन्ही कॅमेरे माझ्या टेबलावर, भिंगं आमच्याकडे करून मांडलेले होते. मी वहीत लिहिलं: डावीकडचा, चार नंबर, एल. उजवीकडचा, सात नंबर, आर. मग मी भिंतीपाशी उभी राहिले आणि ती गच्चीच्या जिन्यावरून ओरडली, “एल लावा, मॅडम!” थोड्या वेळानं, “आता आर!” मी लावत गेले.

संध्याकाळी फिल्म धुतल्या. उजेडाच्या पेटीवर दोन्ही लावून तिनं भिंग डोळ्याला लावलं. एलच्या फिल्मवर खालच्या कोपऱ्यातली ‘भाड्यानं खोली देणे आहे’ ही जाहिरात पत्त्यासकट वाचता येत होती. आरवर तिथं नुसत्या मुंग्या. “दिसला ना फरक?” ती म्हणाली. मला दिसला. वहीत बघून मी दुकानदाराला सांगितलं, चार नंबरचा द्या. डॉक्टरांनी बोलल्याप्रमाणे सात नंबरचा घेतला.

चौथ्या दिवशी ती ओली फिल्म हातात घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. परिचारिकांचा ग्रुप फोटो काढला होता. मधल्या तिघी स्वच्छ. कडेच्या दोघींना नाक नव्हतं.

“मॅडम, तुमची वही दाखवा. एल कोनता लिहिला?”

“डावीकडचा.”

“कोनाच्या डावीकडचा?”

“कोणाच्या म्हणजे? आपल्या.”

तिनं कपाळावर हात मारला. सात-आठ वर्षं तिच्यासमोर माणसं तोंड करून उभी राहत आली होती. माणसाचा डावा हात तिच्या उजवीकडे असतो, हे तिच्या अंगात भिनलेलं. आमच्याकडे भिंगं करून बसलेले ते दोन कॅमेरे तिला समोर उभ्या पेशंटसारखे वाटले. पेशंटच्या डावीकडचा म्हणून तिनं आमच्या उजवीकडचा, सात नंबरचा, आधी उचलला आणि ओरडली, “एल लावा.” तिचं तिच्या जागी बरोबर होतं, माझं माझ्या जागी. आणि चांगला कॅमेरा डॉक्टरांच्या गळ्यात होता.

“मॅडम,” ती म्हणाली, “आपण पेशंटचा चांगला पाय कापला.”

मी तिला समजावलं, जाऊ दे, आईला मधोमध बसव. मला ते बोलल्याची अजून लाज वाटते. ती म्हणाली, “चूक माही आहे, नाही कुठं म्हनते? पन चुकीच्या पायावर जल्मभर चालू काहून?”

ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. आत दोन शिकाऊ डॉक्टर होते, ड्रेसिंगवाले मामा होते. तिनं आपला कॅमेरा टेबलावर ठेवला.

“सर, हा घ्या अन् तुमचा मले द्या.”

“का बरं?”

“दोन्ही सारखेच आहेत, तुम्हीच म्हनता. मग बदलून घ्या. तुमचं काय जाते?”

मामांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. डॉक्टर लाल झाले. “आता मला याची सवय झाली आहे.”

“चार दिवसांत?”

“आणि नाही दिला तर?”

“तर नका देऊ. पन मग फरक आहे, असं म्हना. इथं म्हना, अन् मंडळात बी म्हना. तुमच्या हाताखालच्या बाईले दिसला, अन् तुम्हाले नाही दिसला, असं म्हना.”

नोकरी गेली, असं मला वाटलं.  तिनं त्या दोन फिल्म काढून त्यांच्या उजेडाच्या पेटीवर लावल्या आणि बाजूला उभी राहिली.

डॉक्टर रागीट होते, पण फिल्मसमोर खोटं बोलणारे नव्हते. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

“आहे,” ते शेवटी म्हणाले. गळ्यातला पट्टा काढून त्यांनी कॅमेरा पुढे सरकवला. “घेऊन जा. आणि येत्या रविवारची ड्यूटी तुझी.”

“थँक्यू सर. पन उपकार नाही हां. अदलाबदल आहे.”

रविवारची ड्यूटी ही शिक्षा होती, हे सगळ्यांना कळलं. तिनं मात्र आईला निरोप धाडला, डबा घेऊन ये. इस्पितळाच्या आवारात कडुनिंबाखाली खेड्यांतून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक तीन विटांची चूल मांडून स्वयंपाक करत. म्हातारी डबा देऊन त्यांच्यातच जाऊन बसली, अर्थात कडेला. थोड्या वेळात उमरेडकडची कोणी बाई आपल्या जावयाची फजिती सांगू लागली. म्हातारीला हसू आवरेना. पदर डोक्यावरून खाली आला, तिनं गुडघ्यावर थाप मारली, तोंड उघडून हसली.

वर गच्चीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे, तिची लेक उन्हानं तापलेल्या फरशीवर पालथी पडली होती. दोन्ही कोपरं टेकलेली, डोळा कॅमेऱ्याला. मी छत्री धरायला गेले तर म्हणाली, “सावली नका पाडू, मॅडम. उजेड हलते.” मी बाजूला उभी राहिले. खटका एकदाच वाजला. मग तिनं कपाळ फरशीवर टेकवलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

फोटो धुऊन तिनं आईच्या हातात दिला तेव्हा मी तिथं होते. आईनं तो लांब धरला, जवळ धरला.

“हे कोन बाई आहे वं?”

“पाह्य ना नीट.”

“माह्या मायसारखी दिसून राहिली.” तिनं बोटानं त्या चेहऱ्यावरून हात फिरवला. “तुले कुठं भेटली?”

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. त्यानंतर वर्षाच्या आत एक्स-रे बाई चंद्रपूरकडे कोळसा खाणीच्या दवाखान्यात नोकरीला गेली. पत्रं आली, मग कमी झाली. तीही आता नाही. तिच्या भाच्यानं कळवलं तेव्हा मी तुमच्याकडे आलेली होते, जाता आलं नाही.

तिचं जे रूप माझ्या डोळ्यांपुढे राहिलं आहे ते आई गेल्यानंतरच्या दिवसांतलं. सक्करदऱ्याच्या घरी वंदना होणार होती. बुद्धाच्या तसबिरीखाली मेणबत्त्या मांडून ठेवलेल्या. ती स्टुलावर चढून आईच्या फोटोसाठी खिळा ठोकत होती, दोन खिळे ओठांत धरलेले. खाली तिचे मोठे काका हार घेऊन उभे होते. फोटो पाहून ते कावरेबावरे झाले.

“गेलेल्या मानसाचा असा दात काढून हसता फोटो लावते का वं कोनी? तो पदराचा लाव, लग्नातला.”

तिनं ओठांतले खिळे हातात घेतले. “तो नाही, काका. हाच लागन.”

“लोकं काय म्हनतीन?”

“म्हनतीन, म्हातारी हसत होती.”

खिळे पुन्हा ओठांत गेले. तिनं हातोडा उचलला. पहिल्याच घावाला भिंतीतला चुना सुटला आणि तिच्या केसांवर पडला. स्टूल डुगडुगलं. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, हार जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं.