बुद्धासमोरची फाईल

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरात मी जवळजवळ दर वेळी एक प्रश्न घालायची. बुद्ध हे प्रेषित होते की तत्त्वज्ञ? चर्चा करा. दहा मार्क. पोरांना तो तोंडपाठ झाला होता. प्रेषित देवाचा निरोप आणतो. बुद्धांनी कोणाचा निरोप आणला नाही, स्वतः विचार केला आणि लोकांना म्हणाले, तुम्हीही तपासून घ्या. म्हणून ते तत्त्वज्ञ. एवढं लिहिलं की आठ मार्क मी डोळे झाकून द्यायची. अमरावतीच्या कॉलेजात वीसेक वर्षं मी हेच शिकवलं. बहीण गेल्यापासून मात्र तो प्रश्न मी पेपरात घातलेला नाही.

बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. अकोटजवळच्या एका शाळेत शिकवायची. लग्न केलं नव्हतं, अकोल्याला आईजवळच राहायची. वडील आधीच गेलेले, त्यामुळे त्या घरात दोघीच. चाळिशीत तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. आई स्वतःची किडनी द्यायला निघाली, पण तिचं वय आणि साखर बघून डॉक्टरांनी नाही म्हटलं. माझी जुळली नाही. शनिवारी कॉलेज आटोपलं की मी एसटी धरायची आणि दिवेलागणीला आईच्या घरी पोचायची.

अशाच एका शनिवारी दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत टेबलावर बुद्धांची मूर्ती असते. तिच्यापुढे मेणबत्ती लावलेली, आणि मूर्तीच्या पायाशी बहिणीची दवाखान्याची फाईल. आई हात जोडून पुटपुटत होती, "माह्या पोरीले बरं कर. बरी झाली तं पाच पौर्णिमा विहारात खीर वाटीन."

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव मुळातच दुसऱ्याचं चुकलं की लगेच सांगायचा, आणि ही चूक तर आमच्या घरात अक्षम्य होती. आईच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले सगळे देव टोपल्यात भरून पूर्णेत सोडले होते. आई तेव्हा पाच-सहा वर्षांची, त्यांचं बोट धरून नदीपर्यंत चालत गेलेली. ही हकीकत तिनं आम्हाला किती तरी वेळा ऐकवली होती, आणि आज तीच बाई बुद्धाला नवस बोलत होती.

"आई, हे काय करून राहिली तू?" मी पिशवीही खाली ठेवली नाही. "बुद्ध काय देव हाय का नवस बोलाले? विचार सांगनारा मानूस होता तो. तो कोनाले काई देत नाई."

आई दचकली. मग हळूच म्हणाली, "मंग मी कोनाले मांगू?"

"कोनालेच नाई. डॉक्टर काय म्हनते ते ऐक."

आतल्या खोलीतून बहिणीचा आवाज आला, "राहू दे नं ताई. तुह्यं काय जाते त्यात?"

"तत्त्वाचा प्रश्न हाय," असं म्हणून मी फाईल उचलली आणि कपाटात ठेवून दिली.

आईनं वाद घातला नाही. घालणार कशी? पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथ वाचायला बायका मला पुढे बसवायच्या, तेव्हा ती आजूबाजूला बघून घ्यायची, माझी पोरगी वाचतेय हे सगळ्यांना दिसतंय ना म्हणून. मी सांगितलं म्हणजे संपलं, असं तिचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची आणि काही न मागता उठायची. फाईल कपाटातच राहिली.

त्यानंतर बहीण आठ महिने जगली. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकड्यावर बायका बसलेल्या असायच्या. कोणी माळ ओढत, कोणी ताईत मुठीत धरून, कोणी नुसतीच वर बघत. त्यांच्यात माझी आई मांडीवर हात ठेवून गप्प बसलेली असायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. स्टाफरूममध्ये मी सांगितलंही, आमची आई अशा वेळीही डगमगली नाही. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

बहिणीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बोलायला मलाच उभं केलं. मी मोहरीची गोष्ट सांगितली. आमच्याकडे मरणाच्या कार्यक्रमात ती हटकून सांगतात. मेलेलं लेकरू घेऊन एक बाई बुद्धांकडे येते, औषध मागते. ते म्हणतात, ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरते आणि मरण सगळ्यांनाच आहे हे तिला उमगतं. मी छान बोलले. बायकांनी डोळे पुसले.

लोक गेल्यावर आम्ही दोघी सतरंज्या झटकत होतो. आई सतरंजीचं टोक धरून तशीच उभी राहिली.

"एक सांगू? बुद्धानं त्या बाईले पयले नाई म्हनलंच नाई. लेकरू मेलेलं हाय हे त्याले का दिसत नोयतं? तरी मोहरी आनाले धाडलं. गावभर फिरू देलं तिले." टोक माझ्या हातात देत म्हणाली, "तू तं मले उभ्या उभ्याच नाई म्हनलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर मला तिथं उभं राहवेना. ती गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, पण मोहरी आणायला धाडण्यात काय होतं ते मला कधी दिसलं नव्हतं. त्या बाईसमोर जो बसला होता तो प्रेषित होता की तत्त्वज्ञ, मला आता सांगता येत नाही. तिला लगेच माघारी पाठवण्याइतका तो निष्ठुर नव्हता, एवढंच कळतं. मी होते.

गेल्या पौर्णिमेला अकोल्याला गेले. आईचे हात आता थरथरतात, म्हणून मेणबत्ती मीच लावली. मग म्हणाले, "आई, तुले काई मांगाचं असन तं मांग. मी काई नाई म्हननार."

तिनं मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता कोनासाठी मांगू, माय?"

माझ्यासाठी माग, असं मला म्हणायचं होतं. म्हणवलं नाही. ती वंदना म्हणायला लागली, आणि मी तिच्या मागे बसून हात जोडले.