थांब कोणी म्हणलंच नाई

"हा आपला प्रोसेसर," सर म्हणाले आन् माह्या खांद्यावर डस्टर हाणला. खडूचा भुरका उडाला. वर्गातले सारे पोट्टे हासले. मी बी हासलो. जोकरले दुसरं काय येते?

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात कंप्युटरच्या खोल्या झाडतो. ठेकेदाराचा माणूस. हिवाळ्यात वडस्याकडच्या नाटकात जोकर. शाळेत एकदाच गेलो, तेबी छपराचे कवेलू फेरासाठी.

दरसाल पहिल्या तासाले सर मले बोलावते. मशीनले अक्कल नसते, सांगतलं तेवढंच करते, हे पोट्ट्याईले दाखवाचं असते. सर हुकूम सोडते, मी करतो. एका साली म्हणाले, "डबा ठेव." कुठी ते सांगतलं नाई. मी डोक्यावर ठेवलो. लय टाळ्या पडल्या. तवापासून दरसाल तेच. टाळीच्या भावात मी माही अक्कल इकली.

यंदा दुसऱ्या बाकावर माही पोरगी होती. सरले माहीत नव्हतं. मीच तिले म्हणलो होतो, "माय, वर्गात मले ओळख देऊ नोको." प्रॅक्टिकलचे मार्क सरच्या हातात. माही नोकरी सरच्या तोंडात.

"आता लूप बघा." सरनं बोर्डावर तीन ओळी लिवल्या. मले वाचता येत नाई, म्हून वाचून दाखवल्या. "एक, बस. दोन, उठ. तीन, परत एकवर जा."

बसलो. उठलो. बसलो. उठलो.

पोट्टे मोजाले लागले. वीस. तीस. गुडघे कडकड वाजे. मी तोंड वाकडं केलो तं अजून हासले.

"पाहिलंत? थांबायची ओळ मी लिहिलीच नाही," सर म्हणाले. "हा मरेपर्यंत करत राहील. यांच्या पिढ्या अशाच गेल्या. विचारायचं सुचतच नाही."

तेवढ्यात त्याईचा फोन वाजला. दाराकडं जाता जाता म्हणाले, "चालू ठेव रे."

मी चालू ठेवलो. घाम डोळ्यात गेला. छातीत कोंबडं फडफडे. थांब कोणी म्हणलंच नाई. आन् मले थांबाचं भेव. थांबलो तं नोकरी जाईन. थांबलो तं सर चिडन, चौकशीत पोरगीचं नाव निघन. पन्नास झाले. पाय माहे नव्हतेच आता.

बसता बसता पोरगीकडं पाह्यलो.

ते बी हासत होती.

बाजूच्या पोरीकडं पाहे आन् हासे. पुन्हा पाहे, पुन्हा हासे. डोळे कोरडे, भेलेले. ते हासू मी ओळखलो. माहंच होतं. भेव वाटलं का हासाचं, हे तिले मीच शिकवलो. नाटकात नाई. घरी. रोज.

मी उठलो. मंग बसलोच नाई.

"काय झालं? चालू ठेव." सर फोन कानाले लावूनच म्हणाले.

"नाई."

"काय?"

"मशीन थांबत नसते सर. मी थांबलो."

एवढं मोठं बोललो आन् तवाच पँटीत थोडं झालं. खोटं काऊन सांगू? सरनं फोन खिशात टाकला. "ठेकेदाराशी बोलतो मी," म्हणाले. मी झाडू उचललो आन् बाहेर आलो.

सांजेले घरी पोरगी म्हणली, "बाबा, मी हासली."

"पाह्यलो मी."

"मले भेव वाटलं."

"मले बी. अजून वाटते."

मी म्हणलो, "उद्या वर्गासमोर मी झाडत असन तं मले बाबा म्हणजो. मोठ्यानं."

"आन् मार्क?"

"कटले तं कटले. पुन्हा परीक्षा देजो. पन हासू नोको."

उद्या झाडू घेऊन जातो. ठेवलं तं झाडीन, हाकललं तं निघीन. हिवाळ्यात वडस्याले जोकर होईन, माणसं हासवीन. माह्या मर्जीनं. पन कोणी आपल्याले उठबस कराले लावन, तं त्याच्यासमोर हासाचं नाई. मी नाई. माही पोरगी नाई.