नवे सिनेमे तोंडातल्या तोंडात बोलतात

पोर्ट कॅरो या समुद्रकाठच्या गावात शुक्रवारी सकाळी साडेनऊला कुणी कुणाच्या घरी जात नसे. त्या वेळी गावच्या रेडिओवर केल्व्हिन ट्रेंबाथ दहा मिनिटं सिनेमांची हजेरी घेत असे. पाच मिनिटं गावच्या हॉलमध्ये लागलेल्या नव्या सिनेमाची, आणि पाच मिनिटं घरी बघायला आलेल्या नव्या डिस्कची. बाकीचे समीक्षक सिनेमाला तारे देतात. केल्व्हिन पेस्ट्या देई. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा आणि कांदा ठासून भरलेली, वीतभर लांब, भट्टीत भाजलेली करंजीच. गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचा पणजोबा ती खिशात घालूनच तांब्याच्या खाणीत उतरलेला. त्यामुळे "दीड पेस्टी, आणि तीही कालची" असं केल्व्हिन म्हणाला, की त्या सिनेमाबद्दल आणखी काही सांगावं लागत नसे.

केल्व्हिनची सगळी नोकरी गव्हाच्या कोठारावर, धान्य वर चढवणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात गेली. सिनेमाचं वेड मात्र त्याच्याही आधीचं. कोणत्या सिनेमात कोणाची टोपी कोणत्या प्रसंगात बदलली, हे त्याला लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं. पण गेल्या दोन वर्षांत त्याच्या मतांनी एक चमत्कारिक वळण घेतलं होतं. घरी पाहिलेला कुठलाही सिनेमा चार पेस्ट्यांच्या खाली उतरत नव्हता, आणि हॉलमधला एकही दोनाच्या वर चढत नव्हता.

"नव्या नटांना तोंड उघडायला काय होतं?" तो माइकवर कडाडे. "हीरो पुटपुटतो, हिरॉइन पुटपुटते. पहिल्या दहा मिनिटांत ज्याचा खून होतो त्याच्याशी आपलं जमतं, कारण तो निदान सरळसरळ गप्प तरी बसतो. आणि आपल्या हॉलचे ते स्पीकर! गोणपाट तोंडावर घेऊन कुणी बोलतंय असं वाटतं."

ते स्पीकर लिंड्से रॉडाने बनवले होते. लिंड्से म्हणजे केल्व्हिनचा चाळीस वर्षांचा दोस्त. दोघांच्यात मिळून एक होडी, आणि होडीत जेवढे मासे मिळाले नाहीत तेवढ्या गप्पा. आपल्या अंगणात वादळाने पाडलेल्या रेड गमच्या झाडाच्या लाकडाची खोकी त्याने हाताने घडवली होती. दर शनिवारी खेळाआधी तो शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसे आणि आवाज तपासून घेई. गोणपाटाचा विनोद पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो हसला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने स्पीकर खोलून पुन्हा जोडले. दहाव्या वेळी त्याने हॉलची किल्ली नेऊन बेरिल हॉकिंगच्या टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "गोणपाट तर गोणपाट." त्यानंतर तो होडीकडेही फिरकला नाही.

बेरिल ही हॉल कमिटीची अध्यक्षीण. बाई एखाद्या गोष्टीच्या मागे लागली, की त्या गोष्टीनेच शरण यावं. नव्या स्पीकरसाठी वर्षभर कमिटीने दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानासमोर शेगडी मांडून पावात घातलेले सॉसेज विकले, रविवारी चर्चच्या दारात लॅमिंग्टन केक. डॉक्टरांनी तेलकट सोडायला सांगितलेले लोकसुद्धा हॉलसाठी म्हणून दोन-दोन खाऊन गेले. शेवटी नवे स्पीकर आले. उद्घाटनाच्या शनिवारी फीत कोणी कापायची, यावर चर्चाही झाली नाही.

"ज्याच्या कानांमुळे हे झालं, त्यानेच!" बेरिल म्हणाली.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, केल्व्हिनची बायको कोरल क्लबात बोल्सचे चेंडू हिरवळीवर घरंगळवायला गेली होती. केल्व्हिनने नवी आलेली डिस्क लावली. दीपगृहाच्या रखवालदाराच्या विधवेचा सिनेमा. मार्च महिन्यात हॉलमध्ये त्याला याने अर्धी पेस्टी दिली होती. "म्हातारी चार मिनिटं खिडकीशी बसून माशासारखं तोंड उघडते आणि मिटते. दिग्दर्शक बहुतेक जेवायला गेला असावा." हे वाक्य गावात अजून फिरत होतं. आता घरी बघून आणखी एकदा धुवायचा, या उत्साहाने तो पाय पसरून बसला.

खिडकीचा प्रसंग आला. खाली सबटायटल्स उमटू लागली. ती कोरलने कधीच चालू करून ठेवलेली असत, "मला उच्चार कळत नाहीत रे, माझ्यासाठी राहू दे" म्हणून. म्हातारी बोलत होती. चार मिनिटं ती मेलेल्या नवऱ्याची माफी मागत होती, एका न पाठवलेल्या पत्राबद्दल. केल्व्हिनचे डोळे भरून आले. मग ते भरलेले डोळे तसेच थिजले.

त्याने बटण शोधून सबटायटल्स बंद केली. प्रसंग मागे नेला. मासा. पुन्हा चालू केली, डोळ्यांत पाणी. बंद केली, मासा. त्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला. खिडकीतून शेजाऱ्यांचं कुत्रं दिसलं. ते कुंपणावर पुढचे पाय ठेवून, टीव्हीच्या आवाजावर चिडून, जिवाच्या आकांताने भुंकत होतं. भुंकणं दिसत होतं. ऐकू येत नव्हतं.

रेडिओवर कानाला हेडफोन. घरी सबटायटल्स. राहिला फक्त हॉल, आणि हॉलमध्ये दोष लिंड्सेचा.

शनिवारी दुपारी हॉल खच्चून भरला. केल्व्हिनने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि घरून निघताना मनाशी ठरवलं होतं, की फीत कापली की सगळं सांगून टाकायचं. फीत कापली. पडदा उजळला, एक बाई एका माणसाला काहीतरी सांगून गेली. केल्व्हिनला फक्त दूर कुठेतरी कढई घासल्यासारखं ऐकू आलं. बेरिलने खेळ थांबवला, दिवे लावले आणि माइक त्याच्या हातात दिला.

"काय केल, कसं वाटतंय?"

सगळा हॉल त्याच्याकडे वळला. वर्षभर शेगडीच्या धुरात डोळे चोळत उभे राहिलेले लोक. दाराशी लिंड्से उभा होता, हाताची घडी घालून.

"आहाहा!" केल्व्हिन म्हणाला. "काय स्वच्छ! घंटा वाजावी तसं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लिंड्सेने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला. उरलेला सिनेमाभर केल्व्हिन, इतर लोक हसले की हसत होता.

रविवारी बेरिल आली. बाईचा चेहरा उतरलेला. स्वयंपाकघरात बसून तिने कपातला चमचा पाचदा फिरवला.

"केल, हे कुणाला सांगायचं नाही. काल नवे स्पीकर जोडलेलेच नव्हते रे."

"म्हणजे?"

"वायरमन आलाच नाही. सकाळी फोन, बोट घेऊन मासे पकडायला गेलाय म्हणे. मी लिंड्सेच्या दारात जाऊन रडले. त्याने येऊन पडद्यामागे गुपचूप आपलेच जुने लावून दिले. काल वाजले ते लिंड्सेचे. आणि अख्खं गाव म्हणतंय, किती फरक पडला! आता तू रेडिओवर काही बोलू नकोस, बाबा. गावाचं हसं होईल. मंगळवारी नवे बसतील, कुणाला कळणारही नाही."

बेरिल गेली. केल्व्हिनने तिच्या कपाचा टेबलावर उमटलेला ओलसर गोल बाहीने पुसला.

"कोरल," तो म्हणाला, "ती सबटायटल्स तुझ्यासाठी नव्हती ना?"

कोरल भांडी पुसत होती. ती वळली, त्याच्या समोर आली, आणि मगच बोलली. गेली दोन वर्षं ती आधी समोर येऊन मगच बोलत होती, हेही त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"तीनदा सांगून पाहिलं. तिन्ही वेळा तू म्हणालास, आजकाल तूही पुटपुटतेस."

शुक्रवारी साडेनऊला केल्व्हिनने हेडफोन चढवले. काचेपलीकडे बेरिल येऊन उभी राहिली होती.

"आज नवा सिनेमा नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांत मी हॉलमधल्या त्र्याहत्तर सिनेमांना पुटपुटे ठरवलं. त्र्याहत्तरही निकाल मागे घेतो. नट नीट बोलत होते. लिंड्से रॉडाचे स्पीकर नीट वाजत होते. माझे कान गेलेत, आणि ते कबूल करायची लाज वाटली म्हणून मी दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवली. तुम्ही त्यापायी वर्षभर सॉसेज भाजलेत. शनिवारी मी 'घंटा वाजावी तसं' म्हणालो, तेव्हा मला काहीही ऐकू येत नव्हतं. दीपगृहाच्या सिनेमाला पाच पेस्ट्या. मला एकही नाही. कडेचा करपलेला तुकडासुद्धा नाही."

त्या शनिवारी कोणते स्पीकर वाजत होते, ते मात्र तो बोलला नाही. काचेपलीकडे बेरिलने पर्समधून रुमाल काढला. तो डोळ्यांसाठी होता की सुटकेचा घाम पुसायला, ते कळलं नाही.

तिथून तो थेट लिंड्सेच्या शेडवर गेला. जुने स्पीकर मंगळवारीच परत आले होते. एकावर कोंबडी बसली होती. रेडिओ चालू होता. लिंड्से दाराकडे पाठ करून लाकडाला रंधा मारत होता.

"ऐकलंस?" केल्व्हिनने विचारलं.

"ऐकलं," लिंड्से खांद्यावरून मागे बघत म्हणाला. "माझे कान शाबूत आहेत."

तो पुन्हा कामाकडे वळला. रंधा चालत राहिला. मध्येच, तसाच पाठमोरा, तो काहीतरी बोलला. केल्व्हिनला त्याची मान हललेली दिसली, बाकी कढई घासल्याचा आवाज. शिवी असेल. माफी असेल. नेहमीच्या सवयीने केल्व्हिनचं तोंड हसायला तयार झालं होतं. त्याने ते मिटलं.

"लिंड्से," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

रंधा थांबला. लिंड्से वळला, भुसा झटकत दोन पावलं पुढे आला आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द खिळ्यासारखा ठोकत ओरडला,

"म्हटलं, दूध संपलंय! बिनदुधाचा चहा चालेल का?"

कोंबडी उडाली. केल्व्हिनला तिचे पंख ऐकू आले नाहीत, पण चहाचं सगळं नीट ऐकू आलं.