तानूबाईच्या नातीचं वजन

तानूबाई आमच्या वाडीतली, आळेफाट्याहून चालत अर्ध्या तासावर राहते. तिचा जन्म मेंढरांमागं गेला, शाळेचं तोंड पाहिलं नाही. मुलगी हिरा बाळंतपणानंतर चार महिन्यांत गेली आणि तान्ही आरती तानूबाईच्या मांडीवर आली. बाळाला आईकडूनच एचआयव्ही आला होता. वाडीत तिनं हे फक्त मला सांगितलं, कारण अंगणवाडीत वजनं मी करते.

"औषध वजनावर देत्यात, बाई. तुमी नीट बघा."

मी हो म्हणाले. आणि पुढचे दोन महिने आरतीला वजनकाट्याच्या झोळीत ठेवलंच नाही. त्याच झोळीत मागून दुसरी बाळं बसायची. झोळीतून हा आजार लागत नाही, हे प्रशिक्षणात मीच वहीत लिहून घेतलेलं. तरी हात पुढं होईना. बाळाकडं लांबून बघायचे, मागच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवायचे आणि तक्त्यावर ठिपका द्यायचे. रेघ छान वर चालली होती.

तानूबाई त्यावर खूश. नाचणीची पेज, कुस्करलेलं अंडं, सगळं अंगी लागतंय म्हणायची. पोर भरतेय म्हणून दवाखान्याची एक तारीखही तिनं चुकवली.

पुढच्या तारखेला तिथल्या काट्यावर आरती पाच किलो नऊशे भरली. माझ्या तक्त्यावर सहा किलो सहाशे. सिस्टरनं तानूबाईलाच विचारलं, पोरीला उपाशी ठेवता काय?

ती थेट माझ्या दारात येऊन बसली. "माझ्याच हातानं कायतरी चुकलं, बाई. तुमच्याकडं तर भरत व्हती."

मी देवापुढं दिवा लावत होते. काडी हातातच विझली. म्हटलं, मी वजन केलंच नव्हतं.

तिनं विचारलं, "भ्याला व्हता?"

"हो."

"मी तर रोज पापा घेते तिचा."

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन सिस्टरला खरं सांगितलं. तपासण्या झाल्या, जादा आहार सुरू झाला. मला मात्र अजून तानूबाईकडं मान वर करून बघवत नाही.

आता दर आठवड्याला वजन करते. काट्यावरचे आकडे तिनं माझ्याकडूनच शिकून घेतले. आरती झोळीत पाय मारते, काटा हलतो, तो थांबेपर्यंत तानूबाई नजर काढत नाही. मी सांगितलेला आकडा ती धरत नाही. परवा सहा किलो शंभर झालं. तिनं स्वतः वाचलं आणि मला म्हणाली, "लिवा."