माझं कृपादान कोणतं?

आमच्या बायकांच्या बायबल क्लासमध्ये काय घडलं ते मला बहुतेक घरी आल्यावर कळतं, आणि कधी कधी तेव्हाही कळत नाही. असं न कळलेलं बरंच साठलंय.

मी मूळची नगरची. नवऱ्याच्या नोकरीपायी कुंभकोणमला आले, त्याला बरीच वर्षं झाली. इथल्या तमिळ मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझी जागा शेवटच्या बाकावर, कारण माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं. अशात पास्टरम्मा, म्हणजे पाळकांच्या पत्नी, म्हणाल्या, "पवित्र आत्म्यानं प्रत्येकीला कृपादान दिलंय. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उभं राहून आपापलं सांगायचं आणि ती सेवा हाती घ्यायची."

माझं काही निघालंच नाही, तर मी या मंडळीची कोण?

*

एस्तेर अक्कांना आरोग्यदान आहे. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि माझी डोकेदुखी खरंच थांबली. दुसऱ्या दिवशी त्या टाउन बसमध्ये भेटल्या, गुडघ्याच्या डॉक्टरकडे निघालेल्या.

"अक्का, तुम्ही?"

"दान दुसऱ्यांसाठी असतं गं. आपल्याला डॉक्टर."

*

रोझीला मनं पारखण्याचं दान. तिनं माझा हात धरला. "तुमच्या मनात भीती आहे."

मी थक्क. "कसं कळलं?"

"तुम्ही केलेल्या कॉफीत साखर नाही. सगळ्यांच्याच."

*

क्लासनंतरची कॉफी मी करते, टंबलरही मीच विसळते. म्हणून विचारलं, "पास्टरम्मा, हे दान आहे का?"

"ही सेवा आहे."

"मग दान?"

"सेवा हेही दानच."

"म्हणजे माझं ठरलं?"

"असं कसं? प्रार्थना करून शोधा."

घरी नवरा म्हणाला, "तुझं दान प्रश्न विचारायचं."

"ते बायबलमध्ये आहे?"

"आपल्या घरात आहे."

*

तो रविवार आला. सोबतीला मी शेजारच्या कमलाबाईंना नेलं. त्या विठ्ठलाच्या भक्त. त्यांचं घराणं इथल्या मराठा राजांच्या काळापासूनचं, त्यामुळे त्यांची मराठी फार जुनी. माझी त्यांना "धावती" वाटते. पण गल्लीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

माझी पाळी आली आणि होतं नव्हतं ते तमिळ पळालं. मी डोळे मिटले, तर तोंडून मराठीच आली. "देवा, मला काहीच येत नाही रे. इतकी वर्षं झाली. इथे माझी कोणाला गरज आहे का, तेवढं सांग."

"स्तोत्रम्! स्तोत्रम्!" सगळ्या बायका देवाची स्तुती करू लागल्या. एस्तेर अक्का रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं, मला अन्य भाषा, म्हणजे आत्म्यानं दिलेली, न शिकलेली भाषा बोलण्याचं दान मिळालं! मी "नाही, नाही" म्हणत होते, पण तेही मराठीतच.

आमच्याकडे नियम आहे. अन्य भाषेत कोणी बोललं, तर अर्थ सांगणारी हवी. पास्टरम्मांनी विचारलं, "याचा अर्थ कोणाला दिला गेलाय?"

कमलाबाई उठल्या. पदर सावरला आणि माझं बोलणं शब्दन्‌शब्द तमिळमध्ये सांगितलं.

एस्तेर अक्का उठून माझ्या बाकावर येऊन बसल्या.

पास्टरम्मांनी हात जोडून कमलाबाईंना विचारलं, "अम्मा, तुम्ही कुठल्या मंडळीच्या?"

"मी?" कमलाबाई म्हणाल्या. "मी हिच्या शेजारची."