धोंड्यात मागितलेल्या अळ्या

उन्हाळ्याच्या सकाळी फिरायला निघून माझ्या साडूंपेक्षा कमी अंतर कापणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. जिल्ह्याचं नाव नगरचं अहिल्यानगर झालं, रस्ते चौपदरी झाले, पण साडूंचा वेग होता तोच राहिला. आमची सासुरवाडी जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडे. दर मे महिन्यात आम्ही दोघे जावई बायकापोरांसह तिथं मुक्कामाला असतो. उजाडता उजाडता साडू माझं पांघरूण ओढतात आणि म्हणतात, "चला साडूभाऊ, किल्ल्यापर्यंत पाय मोकळे करून येऊ." इतक्या वर्षांत आम्ही त्या किल्ल्याला पोचलेलो नाही. पहिली अर्धी सकाळ गोठ्याच्या भिंतीशी जाते, कारण तिथं एक कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधत असते. उरलेली अर्धी बांधावरच्या रुईपाशी जाते. ऊन चटके द्यायला लागलं की आम्ही परत फिरतो, तेव्हा घराच्या दाराची कडीसुद्धा दिसेल इतक्याच अंतरावर असतो.

साडू हे नातं मोठं अवघड. एका घरचे दोन जावई. त्यात प्रेमाआधी तुलना येते. पंगतीत तूप आधी कुणाच्या पानात पडलं, आहेरात कुणाचं कापड भारी निघालं, याचा हिशोब दोघांच्याही पोटात चालू असतो. मी थोरला जावई, नगरच्या हायस्कुलात मास्तर, त्यामुळे माझी पायरी वरची असं मी मानून चाललो होतो. धाकट्या जावयाचं राहात्याला चष्म्याचं दुकान. अंगात पांढराशुभ्र शर्ट, पांढरी विजार, आणि त्या काळी शर्टाच्या खिशात एक जाड भिंग असायचं. दुकानात त्या भिंगातून ते काचेवरचे ओरखडे बघत, आणि इथं रानात येऊन मुंगळ्यांची मिशी. "दुकानात लोकांचे डोळे बघून बघून कंटाळा येतो हो," ते म्हणतात, "ह्या चतुराचे डोळे बघा. सगळं डोकंच डोळा आहे. ह्याचा नंबर काढायचा म्हटलं तर दुकान बंद करावं लागंल."

किड्यांची पुस्तकातली नावं त्यांना फारशी येत नाहीत आणि त्याची त्यांना खंतही नाही. स्वभाव ओळखून ते सोयरिकीतली नावं देतात. जमिनीलगत भिरभिरणारी, एक जागा म्हणून धड न धरणारी इवलीशी निळी फुलपाखरं म्हणजे आमच्या मेहुणीबाई, म्हणजे साडूंच्याच सौभाग्यवती. शेणाचा गोळा उलट्या पायांनी ढकलत, दर वेळी खड्ड्यात पडून पुन्हा नेट लावणारा किडा म्हणजे मेहुणा, आमच्या बायकांचा एकुलता भाऊ, जो घरची शेती बघतो. आणि रुईवर संथपणे तरंगणारं, आपल्याला कुणी खाणार नाही अशा तोऱ्यातलं केशरी फुलपाखरू म्हणजे मी. "पोटात रुईचं वीख असतं त्याच्या," ते मला समजावून सांगत होते, "म्हणून पाखरं वाटेला जात नाहीत. तुमचंही तसंच आहे, साडूभाऊ." हे कौतुक होतं की काय होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

भिंगामुळे घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जे घडलं ते तर आमच्या सासुरवाडीत आजही रंगवून सांगतात. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, म्हैस घ्यायची होती. टेम्पोत धाकटे जावई सोबतीला. मामा आणि म्हशीचा मालक उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत होते, आणि साडू म्हशीच्या कानामागे भिंग लावून एका गोचिडीचे पाय निरखत होते. मालकाला घाम फुटला. त्यानं हळूच विचारलं, "हे डॉक्टर हायत का?" मामा काही बोलायच्या आत साडू मान हलवून स्वतःशीच म्हणाले, "अरे अरे अरे!" त्यांना गोचीड भलतीच आवडली होती. मालकानं उपरण्याखालची दोन बोटं आपणहून मिटली आणि म्हैस स्वस्तात पडली. तेव्हापासून मामा गावभर सांगत, "धाकल्या जावयाचा पायगुण चांगला हाय. डोस्कं जरा येगळं हाय, पर पायगुण चांगला हाय."

मामा स्वतः जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही हा त्यांचा नेम. राहात्याला गेले तर पाणी शेजाऱ्याकडं पीत. जावयाचं चष्म्याचं दुकान असून त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. साडूंनी नवा चष्मा दहा वेळा पुढं केला असेल, मामा दहा वेळा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, मला दिसतंय." आणि किडा दिसला की पायाखाली घ्यायचा, इतकंच किड्यांशी त्यांचं नातं. शेतकऱ्यानं दुसरं करावं तरी काय?

तर आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. आमच्याकडं अधिकाला धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं ताट द्यायचं, आणि तो मागेल ते शक्तीप्रमाणे पुरवायचं. धोंड्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं. त्याच उन्हाळ्यात मामांनी विहिरीकडच्या पट्टीत कागदी लिंबाची रोपं लावली होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसानं लिंबं लावावीत म्हणून मेहुणा कुरकुरला होता. विहीर तळाला गेली होती, म्हणून मामा सकाळ-संध्याकाळ कळशीनं एकेका आळ्यात पाणी घालत. त्या रोपांना जरा कुठं कोवळी पालवी फुटली आणि तिच्यावर अळ्या पडल्या. दोन दिवसांत शेंडे बोडके व्हायला लागले. मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मेहुण्यानं औषध आणून ठेवलं, पंप धुऊन ठेवला. धोंड्याचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी.

धोंड्याच्या दिवशी आम्ही दोघे पाटावर बसलो. भावकी जमलेली. मला अंगठी मिळाली. मी ती बोटात घालून, हात सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला. मग मामा धाकट्या जावयाकडं वळले. "बोला जावईबापू. लाजू नका. काय पायजे?"

साडूंनी तोंडातला घास संपवला. "मामा, अंगठी नको. लिंबावरच्या अळ्या द्या."

"काय?"

"अळ्या. जेवढ्या असतील तेवढ्या. फवारणी करू नका."

माजघरात सासूबाईंच्या हातातली वाटी पडली. भावकीतल्या कुणीतरी हसू दाबलं. मेहुणीबाईंनी तर पदरात तोंड लपवलं. मी मामांकडं पाहत होतो. एकीकडं पोरांगत वाढवलेली रोपं, दुसरीकडं धोंड्यातला जावई. म्हातारा माणूस पाटाची कडा उगाच सारखी करू लागला. मग म्हणाला, "दिल्या. पर जावईबापू, माझी झाडं जातील की वो."

"झाडं तुमची, अळ्या माझ्या," साडू म्हणाले. "माझा माल मी उचलतो. त्यातून एखादी झाडावर राहिली, तर भाऊंनी खुशाल पंप चालवावा."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, आहेराची कोरी टोपी डोक्यावर घालून, आमचे साडू सासूबाईंचं सूप घेऊन लिंबाच्या पट्टीत उकिडवे बसले. लहान अळी अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. तिला डिवचलं की डोक्यातून लाल शिंग काढते आणि असा उग्र वास सोडते की विचारू नका. साडू तो वास घेऊन खूश होत होते. एकेक अळी पानाच्या तुकड्यासकट ते सुपात ठेवत होते. सूप भरलं की गावातून चालत महादेवाच्या देवळाकडं. तिथं बेलाचं जुनं, डेरेदार झाड आहे. ह्या अळ्यांना बेलाचं पान चालतं, हे त्यांनी असंच कुठंतरी फिरताना पाहून ठेवलेलं. पारावरची मंडळी विचारायची, "काय पाव्हणं, धोंडा घिऊन निघाला व्हय?" आणि हे सूप पुढं करून दाखवायचे! मी दहा पावलं मागून चालत होतो. मनात आलं, हा आपला साडू नाही असं सांगता आलं तर बरं.

तीन दिवसांनी घोळ झाला. अधिक महिन्यात महादेवाला रोज बेल वाहायची गर्दी. गुरवानं बेलाचं पान तोडलं आणि त्याच्या बोटाला लाल शिंग लागलं. तो तणतणत मामांच्या अंगणात आला. "तुमच्या जावयानं देवाचं झाड नासवलं. मी आत्ता काठीनं झोडपून काढतो समद्या."

मला वाटलं, झालं. मामांना तेच हवं असणार. पण मामा काठी टेकत उठले. "हात लावून बघ," ते म्हणाले. "धोंड्यात दिल्यात मी त्या. जावयाचा माल हाय त्यो. झाडाला पानं लई हायत, देवाला पुरतील. माझ्या जावयाच्या वस्तूला काठी लावली तर मला लावल्यागत हाय." गुरव आल्या पावली माघारी फिरला. दिलेली वस्तू जावयाची, आणि जावयाचा अपमान म्हणजे घराचा अपमान, इतकं ते सरळ होतं.

पण साडूंना राहात्याचं दुकान उघडणं भाग होतं. निघताना त्यांनी खिशातलं भिंग मामांपुढं धरलं. "अळ्या तुमच्या हवाली आहेत, मामा." लेकीच्या घरचं पाणी न पिणारा तो माणूस आधी उपरण्याला हात पुसू लागला. मग हात पुढं करून म्हणाला, "राखणीपुरतं घेतो. माघारी द्यायचं हाय हे."

माझी शाळेची सुट्टी चालू होती, म्हणून पुढचं सगळं मला पाहायला मिळालं. मामा रोज सकाळी आधी लिंबांना पाणी घालत आणि मग बेलाखाली जात. चुकलीमाकली अळी लिंबावर दिसली की ती फडक्यात घेऊन जात. लिंबाचे शेंडे हळूहळू पुन्हा फुटले. राहात्याहून रोज फोन. "मामा, कशा आहेत?" आणि मामा मोठ्यानं, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं, सांगत, "खात्यात बरं का! कालच्यापेक्षा अंगानं भरल्यात." एक दिवस त्यांनी काळजीनं कळवलं, "जावईबापू, एकीनं खाणंच सोडलं. फांदीला चिकटून बसलीया. कमरंला दोरा बांधून घेतलाय, खांबावरच्या वायरमनगत." पलीकडून साडू इतके हसले की मलाही ऐकू आलं. "काही करू नका मामा, फक्त बघत राहा." आयुष्यभर सतत काहीतरी करत आलेल्या मामांना हेच सगळ्यात जड गेलं असणार.

मग एका सकाळी त्यांनी मला हाताला धरून बेलाखाली नेलं. कोष उलला होता. त्यातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर येऊन फांदीला लोंबत होतं. मामांनी भिंग धरलं. हळूहळू पंख सुटे होत गेले: काळे, त्यावर पिवळट ठिपके, खाली एक तांबडा टिळा. मामांनी मला फोन लावायला सांगितला. "जावईबापू, निघाली बघा. थांबा, जवळ धरतो." आणि त्यांनी साधा, बटणांचा मोबाईल त्या फुलपाखरापाशी नेऊन धरला. फुलपाखरू काय बोलणार? पण मामांनी फोन काढला नाही. किती तरी वेळ मी, मामा, ते फुलपाखरू आणि राहात्याचं चष्म्याचं दुकान असे सगळे गप्प होतो. शेवटी ते उडालं. मामा फोनमध्ये एवढंच म्हणाले, "लई कष्ट पडलं तिला. पर गेली चांगली." त्या क्षणी माझ्या बोटातली अंगठी मला उगाच घट्ट वाटायला लागली. आणि खरं सांगतो, हा माझा साडू आहे असं गावात प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटलं. तेव्हापासून मी ते सांगतोच आहे.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. यंदा पुन्हा अधिक महिना उन्हाळ्यातच आला. मेहुण्यानं बोलावलं, आम्ही दोघे पुन्हा त्याच पाटांवर बसलो. विहिरीकडची लिंबं आता डोक्याच्या वर गेली आहेत, फळांनी वाकली आहेत. त्यातलं कोपऱ्यातलं एक झाड मात्र कायम कुरतडलेलं असतं. त्याला औषध मारायचं नाही, ते जावयाचं झाड, असं मामा सांगून गेले, आणि मेहुणा पंप घेऊन फिरतो तेव्हा तेवढं झाड वळसा घालून सोडतो. मेहुण्यानं साडूंपुढं अनारशांचं ताट ठेवलं. अनारशांवर फडक्यात गुंडाळलेलं भिंग होतं. "दाजी, हे तुमचं," तो म्हणाला. "बाबा म्हनले हुते, राखणीपुरतं घेतलंय, माघारी द्यायचं. ऱ्हाऊन गेलं."

साडूंनी भिंग उचललं, शर्टाच्या टोकानं पुसलं, उजेडाकडं धरून पाहिलं. त्यांच्या सफेद शर्टावर टपकन पाणी पडलं ते सगळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी ते भिंग मेहुण्याच्या खिशात घातलं. "भाऊ, राखण अजून संपली कुठं?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साडूंनी माझं पांघरूण ओढलं. "चला साडूभाऊ, किल्ल्यापर्यंत." आम्ही अंगणात आलो तर मेहुणा कुठं दिसेना. शेवटी विहिरीकडं सापडला. कोपऱ्यातल्या त्या बोडक्या झाडापाशी तो उकिडवा बसला होता, एक डोळा मिटून, भिंग पानाला लावून. आमची चाहूल लागली तरी त्यानं मान वर केली नाही. नुसता हात हलवून, सावकाश या, अशी खूण केली.